रुंद दाराचं विमान

ज्या वर्षी माझ्या धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या हँगरमधल्या लहान विमानाला रुंद दार बसवलं. घरात जावई आला आणि विमानात दार आलं, म्हणून दोन्ही माझ्या डोक्यात एकाच गाठीत बांधलेली आहेत. जावयाचं कामही विमानातल्या बदलांचंच. विमानाच्या नमुन्याला एकदा सरकारी दाखला मिळाला की पुढे त्यात काही बदलायचं तर मंजुरी लागते. आमच्या विमानतळावर त्या सहीचा अधिकार त्याच्याकडे होता.

मी त्याच हँगरमध्ये शिवणकाम करायचे. आसनांच्या खोळी, पट्टे, पडदे. त्यामुळे नियम मला परके नव्हते. कापडाचा नवा तागा आला की त्याचा तुकडा आधी जाळून बघत. ज्योत काढल्यावर तो आपोआप विझला, तरच कात्री लावायची. एकदा मला फार आवडलेलं निळं कापड वाळल्या गवतासारखं भडाभडा जळालं. वाईट वाटलं, पण कळलं. त्यानंतर जे झालं, ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही.

माझी थोरली बहीण अक्का. तिच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या शहरात न्या, लवकर न्या आणि आडवं झोपवून न्या. रस्त्यानं घाट, खड्डे, अख्खा दिवस. तो प्रवास तिला झेपेल असं ते ठामपणे सांगेनात. आणि इकडे हँगरमध्ये विमान उभं, त्यात नुकतंच बसवलेलं स्ट्रेचर, त्याच्या गादीची खोळ मीच शिवलेली. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला घालायचा? मी तशीच जावयाकडे गेले.

तो विमानात गुडघ्यांवर बसला होता.

"यातून नेता येणार नाही, आई," तो म्हणाला.

"का? स्ट्रेचर मंजूर नाही?"

"आहे."

"मग दार मंजूर नाही?"

"तेही आहे."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"दोन्ही एकत्र मंजूर नाहीत."

मी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे बघितलं. तो पान्यानं पाठ खाजवत उभा होता. "दोन्ही सुना गुणाच्या आहेत हो," तो म्हणाला, "पण एका स्वयंपाकघरात ठेवून बघितल्या नाहीत अजून."

जावयानं मला खाली वाकायला लावलं. फरशीत लोखंडासारखा दिसणारा एक लांब रूळ होता, पण हलक्या धातूचा. "स्ट्रेचरचे पाय यात अडकतात. स्ट्रेचर मंजूर झालं तेव्हा हा अखंड होता. दार रुंद करताना इथं कापून जोडला. दारवाल्यांनी गृहीत धरलं की याच्यावर आसनंच बसणार. स्ट्रेचरवाल्यांनी गृहीत धरलं की रूळ जुनाच असणार. दोघंही बरोबर आहेत."

"दोघंही बरोबर, मग चूक कुणाची?"

"चूक कुणाचीच नाही. जोड तपासायची राहिली आहे."

"मग तपास की!"

"साखळी लावून ओढून बघायचं, हिशोब मांडायचा. आठवडा तरी जाईल. दुसरं रुग्णविमान आहे, पण त्याचं इंजिन उघडून ठेवलंय."

मी अक्षरं पन्नाशीत शिकले. दोन्ही कागद मागून घेतले आणि बोट ठेवून वाचले. दोन्हींवर 'मंजूर' असं ठसठशीत लिहिलेलं. मंजूर अधिक मंजूर म्हणजे नामंजूर, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? मी वैमानिकाला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, सही आणा, आत्ता उडवतो. सहीशिवाय मी चाकसुद्धा हलवणार नाही." म्हणजे फिरून सगळं जावयावरच.

धाकटीनं नवऱ्याशी अबोला धरला. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी तो एकटाच दवाखान्यात आला. मी अक्काचे पाय चेपत होते.

"या साहेब," अक्का म्हणाली. तिला दम लागायचा, पण जीभ तशीच धारदार. "मला न्यायला दार रुंद केलंत म्हणे. मी काय एवढी जाड दिसते?"

"मावशी, मी..."

"तुझी आई असती तर केली असतीस सही?"

तो खाटेच्या कठड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा विरघळणार.

"नाही," तो म्हणाला.

अक्का माझ्याकडे वळली. "बघ गं. खोटं तरी बोलायचं मेल्यानं!" आणि हसता हसता तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "चांगला आहे. याला सोडू नका." तिनं हे टोमण्यानं म्हटलं की मनापासून, तेही मला समजलं नाही.

आठवडाभर थांबायला डॉक्टर तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची गाडी आली. अक्काला आत चढवलं, तेव्हा दिसलं की तिथल्या स्ट्रेचरचा एक हूक तुटलेला आहे आणि तो सुतळीनं बांधलाय. जावयानं सुतळी ओढून बघितली. आत चढला, खाली पत्र्यावर बसला आणि स्ट्रेचरचा तो कोपरा दोन्ही हातांनी धरून ठेवला. घाटभर. वळणावर त्याचं डोकं पत्र्यावर आपटायचं, पण हात सुटले नाहीत.

"या गाडीला कुणी मंजुरी दिली रे?" मी विचारलं.

"माहीत नाही, आई."

"हिला चालतं आणि विमानाला चालत नाही?"

"हिलाही चालायला नको," तो म्हणाला. "पण ही माझ्याकडे नाही."

अक्का मिटल्या डोळ्यांनी पुटपुटली, "भांडा तुम्ही. मी पडून आहे निवांत."

पोचलो. झडपेची शस्त्रक्रिया झाली आणि नीट झाली असं सांगितलं. धाकटी अक्कापाशी राहिली, जावई हिशोब मांडायला आधीच परतला होता, मी दोन दिवसांसाठी कामावर परत आले. त्याच दोन दिवसांत विमानातलं स्ट्रेचर ओढून बघितलं. वर वाळूची पोती बांधली, पुढून साखळी लावली आणि मिस्त्री कप्पी फिरवत गेला. जोर मोजणारा काटा पुढे सरकत होता. मग कट्कन आवाज आला. मिस्त्रीनं बॅटरी धरली. जोडापाशी रूळ फरशीपासून उचलला गेला होता. नखाच्या जाडीएवढा.

"तुटला?" मी विचारलं.

"नाही," जावई म्हणाला. "पण पाहिजे तेवढा जोर घेण्याआधीच उचलला गेला."

"म्हणजे अक्का पडली असती?"

"विमान उतरताना जोरात आपटलं असतं, तर सुटली असती."

"आणि आपटलं नसतं तर?"

जावयानं हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. "तर काहीच झालं नसतं, आई. मावशी तासाभरात पोचल्या असत्या."

मिस्त्री वाळूची पोती सोडायला लागला.

रुळाखाली एक पट्टी लावून जोड मजबूत केला, पुन्हा ओढून बघितला आणि जावयानं सही केली. त्या विमानानं पुढे कितीतरी आजारी माणसं नेली. त्यांच्या खोळी मी धुतल्या, उसवल्या तिथं शिवल्या. प्रत्येक वेळी मला वाटे, हा माणूस त्या पट्टीमुळे वाचला का? की त्याचं विमान आपटलंच नाही, म्हणून वाचला?

मी आणि जावई शहरात परतलो, तोवर अक्काच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं. मी शहरातल्या डॉक्टरांना विचारलं, घाटातल्या प्रवासानं झालं का? ते म्हणाले, असेल. मग म्हणाले, विमानानं आणलं असतं तरी झालं असतं कदाचित. जावई शेजारीच उभा होता. दोन्ही वेळा त्यानं मान डोलावली. धाकटी माझ्याकडे बघत होती, मी कुणाच्या बाजूनं उभी राहते हे बघायला. मी दोघांच्या मधे उभी होते, आणि अजून तिथंच आहे.

माझी थोरली बहीण अक्का, धाकटीच्या लग्नाच्याच वर्षी, शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी वारली.