मोनिकाचा डावा पाय

सिझर होऊन सून घरी आली, त्याला आठवडा झाला असेल. साळूबाईच्या ध्यानात आलं, की मोनिकाचा डावा पाय जड पडलाय. बाळंतिणीला सूज येतेच, असं म्हणून तिनं कोमट तेल घेतलं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत जोर लावून चोळलं. बिडकीनमधल्या कितीतरी बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या. आपल्या हातावर तिचा भरवसा होता.

पण पायाची सूज उतरेना. एके सकाळी तो निळसर पडला, तट्ट फुगला. उजवा मात्र होता तसाच. शिवराजनं बायकोला गाडीत घातलं, साळूबाई बाळाला घेऊन मागं बसली आणि त्यांनी शहरातल्या क्रांती चौकाजवळचा दवाखाना गाठला.

सोनोग्राफी करून डॉक्टर नीरजा म्हणाल्या, "मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झालीय, पार ओटीपोटापर्यंत. पाय कुणी चोळला का?"

शिवराजनं आईकडं पाहिलं.

"मीच," साळूबाई म्हणाली.

"मावशी, गाठ सुटून फुफ्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं."

"पाय कापावा लागंल का, डॉक्टरीणबाई?"

"छे! मोठी चीरसुद्धा नाही. गुडघ्यामागून बारीक नळी घालून गाठ ओढून घ्यायची."

मोनिकाला आत नेलं. साळूबाई बाळाला घेऊन बाकावर बसली. त्याला थोपटतानाही तिचा हात अवघडत होता.

नळीतून काळपट गुठळ्या निघाल्या. ओटीपोटात शीर दबली होती, तिथं ती उघडी राहावी म्हणून डॉक्टरांनी बारीक जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी मोनिका स्वतःच्या पायांनी वॉर्डात चालली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि मांडीपर्यंतचा एक घट्ट मोजा घेऊन मंडळी घरी आली.

तो मोजा काही केल्या चढेना. सिझरच्या टाक्यांमुळं मोनिकाला वाकता येईना.

"आत्याबाई, या की जरा."

"नगं गं माय. माझा हात नगं लागायला तुझ्या पायाला."

"चोळायला नाय म्हणत, ओढायला म्हणते. घरात तुमच्याएवढा जोर हाय का कुणाला?"

साळूबाई खाली बसली. तिनं टाच नीट बसवली, चुण्या सारख्या केल्या आणि मोजा हळूहळू वर नेला.

पुढं शेजारच्या रूपानं बाळंत झालेल्या लेकीसाठी तिला बोलावलं. साळूबाई गेली. तेलाची वाटी तिनं बाजूला सारली आणि म्हणाली, "आधी पाय दाखव. दोन्ही."