खरवडलेला टाळ

मी एक जुना काशाचा टाळ आहे. स्वामीमलैच्या भट्टीत ओतलेला, कुंभकोणमच्या व्यंकोबांच्या हातात वाढलेला. मित्रांनो, एके काळी मी कधी खोटा वाजलो नव्हतो, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

व्यंकोबा, म्हणजे घरातले अप्पा, विठ्ठलाची भजनं गात. राज्य इंग्रजांचं होतं, तंजावरचा दरबार कधीच उठला होता, पण आमच्या घरात मराठी आणि भजन दोन्ही टिकून होती. तंबोरा नव्हता. अप्पा पहिली ओळ आपल्या स्वरात उचलत आणि मग मला वाजवून ताडून पाहत. ओतारी सुब्रह्मण्याने मला त्यांच्या स्वराशी अचूक मिळवलं होतं. स्वतःच्या गळ्यापेक्षा त्यांचा माझ्यावर भरवसा जास्त.

मग त्यांच्या गालाच्या हाडात पू झाला. नाक बंद, डोकं फुटायची वेळ. दवाखान्यात क्लोरोफॉर्म देऊन वरचा ओठ उचलला, हाड कोरलं, घाण काढली. डॉक्टर म्हणाले, "आत सूज आहे, आवाज वेगळा लागेल. सूज उतरली की जागेवर येईल. दोन महिने गाऊ नका."

ऐकतंय कोण! आठव्या दिवशी अप्पा गायला बसले. अरेरे! नाकात घुमणारी गुंज नाहीच, स्वर धापा टाकत खाली घसरला. त्यांनी मला बाजूला ठेवलं. "नागू, गाणं गेलं तर मी कशाला उरलो?" त्यानंतर भीतीने त्यांनी सूर म्हणून काढला नाही.

नागू, म्हणजे नागलक्ष्मी, त्यांची एकुलती लेक. कार्तिक अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठात अप्पांचं भजन ठरलेलं, आणि भीती असली तरी ती सेवा चुकवायला ते तयार नव्हते. चारचौघांत बापाची फजिती होऊ नये म्हणून ती वेडी पोर मला पदराखाली घेऊन सुब्रह्मण्याकडे गेली.

"याचा स्वर थोडा उतरवा. अप्पांना कळता कामा नये."

"अम्मा, खरवडलेला धातू परत येत नाही."

"खरवडा."

त्याने मला आतून खरवडलं आणि खुणा दिसू नयेत म्हणून घासून लख्ख केलं. दुखलं, पण त्याहून लाज वाटली.

अमावास्या आली तोवर दोन महिने होऊन गेले होते. अप्पांनी मठात पहिली ओळ उचलली आणि काय सांगू, पूर्वीपेक्षा मोकळा आवाज! नाकातली वाट खुली झाली होती, स्वर कपाळापर्यंत घुमत होता. नागूच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अप्पांनी सवयीने मला वाजवलं.

मी खाली वाजलो.

ते पुन्हा गायले, पुन्हा मला वाजवलं. जुळेना. "टाळ खोटं बोलत नाही," म्हणाले आणि उठले.

नागूने पाय धरले. "अप्पा, तुमचा आवाज खरा आहे! टाळ मी खरवडून घेतला!"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाची समजूत घालायला बिचाऱ्या टाळावर आळ घेतेस?"

दुसऱ्या दिवशी सुब्रह्मण्य स्वतः सांगायला आला. "तुला तिने पढवलंय," एवढंच अप्पा बोलले. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. मोकळ्या नाकाने श्वास घेतला, पण गायले नाहीत.

मित्रांनो, दुखणं बरं व्हायला लागतात तेवढे दिवस त्याला द्या. आणि माझ्यासारख्या नावाजलेल्या टाळापेक्षा रडून सांगणाऱ्या लेकीचं ऐका. मी अजून नागूच्या फळीवर आहे. ती मला रोज पुसते, पण दोन्ही वाट्या एकमेकींना लागू देत नाही.