उलट्या सीटची सायकल

त्या दिवशीही दुपारचा चहा झाल्यावर मिस्त्रींनी माझी सीट उलटी फिरवली.

मित्रांनो, मी मेट्रो स्थानकाबाहेरची भाड्याची सायकल. मोबाइल दाखवला की माझं कुलूप उघडतं. गाडीतून उतरलेल्याला घराजवळ पोचवायचं, हे माझं काम. कारखान्यातून नवी आले, तेव्हा लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. पुढे रंग खरचटला, घंटीचा आवाज बसला, कौतुक आटलं. पण आमची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींचा हात फिरला की मी पुन्हा झोकात धावायचे.

आमच्याकडे एक रीत आहे. सायकल बिघडली की तिची सीट उलटी करायची. मग तिला कोणी हात लावत नाही. मिस्त्री मात्र मी धडधाकट असताना माझी सीट उलटी करायचे. आधी सीट खाली घ्यायचे, ब्रेक दाबून बघायचे. त्यांची लेक कामावरून येईपर्यंत बाकीच्या सायकली संपलेल्या असायच्या. तिच्यासाठी मी तेवढी उभी.

"बाबा, पुन्हा तेच? मी काय आता शाळेत जाते?"

"नाही गं. शाळेत असताना ऐकायचीस तरी."

"लोकांची सायकल अडवून ठेवता. साहेबांनी बघितलं तर?"

"साहेब सायकली पडद्यावर बघतात. सीट कोण बघतंय?"

"उद्यापासून मी चालत जाणार."

"जा की. आज ब्रेक बेतानं दाब, नुकतेच आवळलेत."

तिने सीट सरळ केली आणि मागे न बघता निघाली. पण कोपरा वळताच नेहमीसारखी गुणगुणू लागली. हे फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला जागेवर आणून सोडलं. दुपारी मिस्त्रींनी सीट फिरवली आणि ते छाती धरून स्टुलावर बसले. त्यांना उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत.

माझी सीट उलटीच राहिली. लोक यायचे, "ही बिघडलीये" म्हणून पुढे जायचे. जाता जाता टोपलीत उष्टे कप टाकायचे. मित्रांनो, टोपली त्यासाठी नसते. तुमच्यानंतर सायकलवर कोणाची तरी लेक बसणार असते.

एका संध्याकाळी बिघडलेल्या सायकली न्यायला टेम्पो आला.

"जुनीच आहे, टाक भंगारात," म्हणत हमालाने मला उचललं.

"थांबा!" बऱ्याच दिवसांनी कामावर गेलेली मिस्त्रींची लेक स्थानकाच्या पायऱ्या उतरत धावत आली. "ती बिघडलेली नाही."

"मग सीट कोणी उलटी केली, ताई?"

"माझ्या बाबांनी. माझ्यासाठी."

हमालाने मला अलगद खाली ठेवलं. टोपलीतले कपही त्यानेच काढले.

तिने सीट सरळ केली. उंची तिच्याच मापाची होती. आम्ही निघालो. कोपरा आला, पण ती गुणगुणली नाही. तिने ब्रेक बेतानं दाबले आणि पहिल्यांदाच मागे वळून रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला आवडायचं. रोज आवडायचं."