अकरा बादल्या आणि पन्नास वॅट

मी माशांच्या टाकीतला एक जुना हीटर आहे. काचेची वीतभर नळी, आत गुंडाळलेली तार आणि डोक्यावर मी तापत असेन तोवर पेटणारा लाल दिवा, एवढाच माझा पसारा. कारखान्यात माझ्या अंगावर '५० वॅट' असे छापले, तेव्हा मला कोण अभिमान वाटला! मित्रांनो, लोक आपला आकडा वाचतात, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मला विकत घेतले ते कपडे शिवणाऱ्या एका आत्याबाईंनी. घरात त्या आणि त्यांची शाळकरी भाची. भाचीने हट्टाने पाच मासे पाळले होते. गारठा वाढला तसे मासे सुस्तावले, म्हणून आत्याबाई हीटर आणायला निघाल्या. जन्मभर माणसांची मापे घेतलेली बाई ती! निघण्यापूर्वी काचेला टेप लावून त्यांनी माशांचेही माप घेतले.

"बोटाएवढेच आहेत हो, लहानसा द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

"टाकी केवढी आहे?"

"टाकीचं काय घेऊन बसलात? थंडी माशांना वाजते, काचेला नाही."

मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. दुकानदाराने मला पुढे केले.

टाकीत उतरलो आणि माझी छातीच दडपली. चोहीकडे पाणीच पाणी! ते होते अठरा अंशांवर आणि मला न्यायचे होते सव्वीसवर. मी कामाला लागलो. पाणी कसेबसे एकवीसवर आले आणि तिथेच अडून बसले. जेवढी ऊब मी देई, तेवढी काचेतून खोलीत निघून जाई. तरी मी हटलो नाही. समोर पाच जीव गारठत होते, मी कसा थांबणार?

चौथ्या दिवशी सकाळी भाचीचा लाडका मासा, ढेरपोट्या, तळाशी कलंडला. दाण्याकडेही बघेना. भाचीच्या डोळ्यांना धार लागली.

"हा हीटरच कामचुकार आहे. फेकून दे त्याला!"

मित्रांनो, हे शब्द मला फार लागले.

आत्याबाई वाकून माझ्या दिव्याकडे बघत राहिल्या. "कामचुकार कसला गं? चार दिवसांत हा दिवा एकदा तरी विझलेला पाहिलास? टाकी भरताना किती बादल्या ओतल्या होत्यास?"

"अकरा. दहा-दहा लिटरच्या."

"म्हणजे एकशे दहा लिटर!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मी मासे मोजत बसले आणि तापवायचं होतं पाणी. बाहीच्या कापडात कोट शिवायला निघाले मी!"

त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, लिटरमागे साधारण एक वॅट लागतो, खोली गार असेल तर त्याहून जास्त. त्यांना दीडशे वॅटचा हवा होता. पण तसा हीटर दुकानात परवा येणार होता आणि ढेरपोट्यात परवापर्यंतचे त्राण नव्हते.

आत्याबाईंनी शेजारून छोटी टाकी मागून आणली. तीत मोठ्या टाकीतलेच तीन बादल्या पाणी भरले आणि पाचही मासे अलगद सोडले. माझी पिन काढून, मी निवल्यावरच मला उचलले आणि छोट्या टाकीत बसवले.

तीस लिटर! एवढे तर मी करणारच होतो. बावीस, तेवीस, चोवीस... मी इरेला पेटलो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा दिवा आयुष्यात पहिल्यांदा आपणहून विझला.

"आत्या, हा बंद पडला!"

"बंद नाही पडला. पोचला तो."

सव्वीस अंश झाले होते. थोड्या वेळाने ढेरपोट्या हळूहळू वर आला आणि त्याने एक दाणा टिपला. भाची काचेला नाक लावून म्हणाली, "चुकलं माझं रे." ती हे माशाला म्हणत नव्हती.

आता मोठ्या टाकीत दीडशे वॅटचा गडी आहे आणि शेजाऱ्यांनी देऊन टाकलेल्या छोट्या टाकीत मी माशांची नवी पिल्ले सांभाळतो. मित्रांनो, हीटर घेताना आधी पाणी मोजा. आणि कोणी राबराब राबूनही पुरा पडत नसेल, तर त्याला फेकून देण्याआधी त्याच्यावर केवढा भार टाकलाय, तेही बघा.