ज्या दिवशी मला बाटली लागली नाही

मित्रांनो, दवाखान्याच्या कोपऱ्यात उभा असलेला सलाईनचा जुना स्टँड म्हणजे मी. एका वेल्डरने खाली तीन पाय आणि वर दोन आकडे जोडून मला घडवले. नवा होतो तेव्हा चकाकत होतो. आता रंग उडाला आहे आणि एक चाक सारखे कुरकुरते.

एके काळी माझा मोठा दिमाख होता. उलट्या-जुलाबाचा रोगी आला की घरचे आधी माझ्याकडे बघायचे. बाटली टांगली म्हणजे इलाज झाला, असा लोकांचा समज. मीही फुशारून उभा राहायचो. पुढे जुने डॉक्टर गेले, नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी मला कोपऱ्यात सारले. खरे सांगतो, मला फार राग आला होता.

मग एका दुपारी एक रंगारी उलट्या-जुलाबाने मलूल झालेल्या आपल्या सात वर्षांच्या मुलीला, चिमीला, खांद्यावर टाकून धावत आला.

"बाई, सलाईन लावा. पैशांची सोय केलीय. शिडी विकतोय, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे."

शिडी गेली तर रंगाऱ्याने पोट कशावर भरायचे? पण गेल्या साली पोरीचे असेच पोट बिघडले, तेव्हा मोठ्या इस्पितळात खाटेचे भाडे, तपासण्या आणि बाटल्या मिळून महिन्याची कमाई गेली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्याचा धसका बिचाऱ्याने घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी चिमीची जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "पाणी कधी दिलंत?"

"सकाळपासून थेंब नाही. दिलं की उलटतंय, म्हणून बंदच केलं."

"तिथंच चुकलं. बाहेर जातंय तेवढं आत जायला नको का? ती शुद्धीत आहे, गिळतेय. बाटली नको. या जलसंजीवनीच्या पुडीचं पाणी करून देते, चमच्या-चमच्याने पाजा. पुडी चहापेक्षा स्वस्त आहे."

रंगाऱ्याचा विश्वास बसेना. त्यात तिसऱ्या चमच्याला चिमी भडभडून ओकली. "बघा," म्हणत त्याने माझ्याकडे बोट दाखवले. मला आतून गुदगुल्या झाल्या.

"दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा, अजून सावकाश," बाई म्हणाल्या. सिस्टरनी चिमीचा फ्रॉक धुतला आणि चक्क माझ्या आकड्याला वाळत घातला. एवढा अपमान कधी झाला नव्हता.

रंगारी बाकावर बसून चमचा भरत राहिला. पोरीचे डोळे खोल गेलेले बघून हळूहळू माझाही ताठा उतरला. पाणी पोटात राहावे, एवढेच मी मनात म्हणत होतो. तीन तासांनी चिमी पुटपुटली, "बाबा, शू लागली."

"हेच ऐकायचं होतं मला. म्हणजे अंगात पाणी टिकलं," डॉक्टरीणबाई हसल्या.

रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याने डोळे पुसले आणि फोन लावला. "शिडी द्यायची नाहीये. उद्या मलाच लागेल."

मित्रांनो, रोग्याला पाणी गिळवेना, तो गुंगीत जाऊ लागला किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणभरही थांबू नका. अशा वेळी मी आहेच. एरवी मात्र आजाऱ्याचे पाणी तोडू नका आणि साध्या चमच्याला कमी लेखू नका. मी रिकामा उभा असलो, की कुणाची तरी शिडी विकायची वाचते.