आधी नोंद, मग चहा

आमची कंपनी खोटी मशिनं बनवते. शिवाजी पेठेत असं सांगितलं की लोक डोळे बारीक करतात, म्हणून लगेच खुलासा करावा लागतो. खऱ्या मशिनासारखा हुबेहूब वागणारा प्रोग्राम आम्ही लिहितो, म्हणजे गिऱ्हाइकाला आपलं कार्ड, म्हणजे मशिनात बसवायची सर्किटची पाटी, आधी त्यावर तपासून बघता येतं. खाली पिठाची गिरणी, वर आमचं ऑफिस. गिरणी चालू असली की आम्हाला ओरडून बोलावं लागतं, आणि बंद असली तरी आम्ही ओरडूनच बोलतो.

माझं काम नोंदींचं. मशिनातल्या प्रत्येक कार्डाला मेमरीचा आपापला तुकडा ठरवून दिलेला असतो, आणि मेमरी मॅनेजमेंट युनिट नावाचा राखणदार त्यावर नजर ठेवून असतो. कार्ड आपला तुकडा सोडून भलतीकडे घुसायला लागलं की त्याने अडवायचं, आणि कोण आलं होतं, कुठे घुसत होतं, वाचायला की लिहायला, ते टिपून ठेवायचं. आमच्या खोट्या मशिनात राखणदारही खोटाच. त्याचा अडवायचा भाग माझ्या शेजारी बसणाऱ्या रुद्रेशने लिहिला, टिपायचा मी.

तर कागल पंचतारांकित एमआयडीसीतले कारखानदार चन्नाप्पा अण्णा यांचं कापकामाचं मशीन चालता चालता मध्येच बंद पडायचं. का, ते कुणालाच सांगता येईना. त्यांनी स्वतः बनवून घेतलेलं कार्ड आमच्याकडे दिलं आणि म्हणाले, “शुक्रवारी येतो. घोडं कुठं अडतंय ते दावा, पुढचं सगळं काम तुमाला.”

आमचे मालक यशराज यांनी त्याच दिवशी सगळ्यांना जवळ बोलावलं. हे काम हातचं गेलं तर इथलं ऑफिस बंद, आणि सगळे पुण्याच्या ऑफिसात.

मी त्या ऑफिसात एकदा आठवडाभर राहून आले आहे. माणसं वाईट नाहीत. पण मी फोनवर बोलायला लागले की सगळं ऑफिस माना वळवून बघायचं. एक बाई हलक्या आवाजात विचारायला आली, “क्रांती, घरी काही भांडण झालंय का?” मी आईला भाजी काय केलीस एवढंच विचारत होते. त्या आठवड्यात मी इतकं हळू बोलले की घसा बसला. मला जायचं नव्हतं. अगदी रडू येईल इतकं जायचं नव्हतं.

शुक्रवार उजाडला आणि नोंदी कोऱ्या. कार्ड सकाळपासून जोडलेलं, आमचं खोटं मशीन झकास चाललेलं, आणि राखणदाराकडे टिपलेलं काही म्हणजे काही नाही.

“क्रांती, तुझी नोंदच चालत न्हाय,” यशराज म्हणाले.

“माझं चालतंय. चूक झालीच न्हाय तर काय माझ्या मनानं लिहू?”

तरी मी माझा सगळा प्रोग्राम पुन्हा उसवून बघितला. त्यात काही सापडेना, आणि घड्याळाकडे बघवेना.

तेवढ्यात एक गृहस्थ गाल धरून जिना चढून आले. दातांचा दवाखाना मागच्या गल्लीत आहे, तिथली माणसं अधूनमधून आमच्याकडे चुकतात. रुद्रेश निपाणीकडचा, जन्मात कुणाला दारातून परत न पाठवणारा. त्याने खुर्ची पुढे केली. “या पावणं, बसा. चहा घेणार न्हवं?” पावण्यांच्या हातात चहा आला, बशीत खारी आली. दुखऱ्या दाताने ते बिचारे खारी भिजवून खात बसले. इकडे कुणी त्यांना विचारलं नाही की कुठे निघालात, आणि तिकडे डॉक्टर वाट बघत असणार. त्यांना तर आपण योग्य जागी आलो असंच वाटत होतं.

ते बघता बघता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

“रुद्रेश! कार्ड भलत्या जागी घुसलं तर तू काय करतोस रे?”

“काय करणार अक्का? न्हाय म्हटलं की कार्ड अडून बसतंय आणि सगळं मशीनच मरतंय. म्हणून मेमरीत एक रिकामं पान ठेवलंय. लिही म्हणतो बाबा तिथं, काय लिहायचं ते.”

“आणि वाचायला आलं तर?”

“शून्यं देतो. रिकाम्या हातानं न्हाय पाठवत.”

“अरे माणसा, तू कुणाला अडवतच न्हाईस, तर मी टिपू काय? कप्पाळ?”

मी ते रिकामं पान काढून टाकलं. मशीन दणकन बंद पडलं, आणि त्याच्याबरोबर नोंदीही गेल्या. जिन्यावर चन्नाप्पा अण्णांच्या चपला वाजल्या. यशराजांचा चेहरा खालच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा झाला होता.

“दोन मिनिटं त्यांना बोलण्यात ठेव,” मी रुद्रेशला म्हणाले. ते काम त्याला सांगावं लागत नाही. तोवर मी त्याचं पान परत ठेवलं आणि फक्त क्रम बदलला. कार्ड चुकलं की आधी नोंद करायची, मग बसायला जागा द्यायची.

अण्णा पडद्यासमोर बसले. मशीन चालू झालं, आणि नोंदी येऊ लागल्या. त्यांचं कार्ड आपल्या तुकड्याच्या पुढे जाऊन शेजाऱ्याच्या जागेत लिहीत होतं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पडदा भरून वाहायला लागला.

“म्हंजे खोट माझ्याच कार्डात?” अण्णांचा आवाज चढला. “मी उभा राहून बनवून घेतलेलं कार्ड हाय ते!”

यशराज घाईघाईने पुढे झाले. “तसं न्हाय अण्णा, आमच्या मशिनाचाबी दोष असंल...”

पुणं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. गप्प बसणं शहाणपणाचं होतं, पण ते मला कधी जमलेलं नाही.

“आमचा दोष न्हाय,” मी म्हणाले. “कार्ड तुमचंच चुकतंय.”

अण्णांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, “आतापातूर जो आला त्यो चहा पिऊन, कार्ड लई भारी हाय म्हणून गेला. तोंडावर सांगणारी तूच भेटलीस, पोरी. काम तुमचं.”

यशराज खुर्चीत बसले ते बसलेच. दातवाले पावणे खारी संपवून, काही न कळताच, मान डोलवत होते. रुद्रेश त्यांच्यापुढे वाकला आणि त्याने पहिल्यांदाच विचारलं, “पावणं, तुमाला जायचं कुठं हाय?”

मी खिडकी उघडली आणि समोरच्या टपरीवाल्याला बेंबीच्या देठापासून हाक मारली, “पाच चहा!”

गिरणी तेव्हा बंद होती. अख्ख्या गल्लीत कुणीही मान वळवून बघितलं नाही.