उंचवट्यावरची हवा

“पाइप उकरून काढा नि मोकळे व्हा!” वहिनी बांधावरून ओरडल्या.

मी उकिडवा बसून मातीत काडीनं रेघोट्या ओढत होतो. गावात पंप दुरुस्त करणारा मी एकटाच, त्यात हे शेत माझ्या थोरल्या भावाचं. तो गेल्यापासून वहिनीच कसतात. विहिरीवर पंप धडधडत होता, पण खालच्या तुकड्यात करंगळीएवढी धार. तिथं परवाच लावलेली मिरचीची रोपं माना टाकत होती.

“उकरून काय सापडणार? जरा विचार करू द्या.”

“करा की. रोपांना सांगते थांबायला.” त्यांनी बादल्या उचलल्या नि दुखऱ्या कंबरेनं विहिरीकडे निघाल्या.

खरं सांगतो, पहिल्याच संध्याकाळी मला कळलं होतं. मधल्या उंचवट्यावर पाइपात हवा अडकत होती. तिथं भोक पाडून हवा सोडायला छोटी चावी बसवायची, अर्ध्या तासाचं काम. पण ही हवा येते कुठून? हा प्रश्न डोक्यात शिरला नि असा गोड लागला की विचारू नका! दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून होतो. जेवणाची शुद्ध नाही, तोंडात शीळ चालू. वहिनी समोरून बादल्या वाहत होत्या. मला दिसत होतं, तरी मी मेला उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर सापडलं. दुपारी विहिरीचं पाणी उतरलं की पंपाचा खालचा पाइप उघडा पडून हवा ओढायचा. पाइप हातभर खाली सोडला, उंचवट्यावर चावी बसवली. फुस्स करून हवा गेली नि पाणी धो धो आलं. तोवर निम्म्या रोपांच्या काड्या झाल्या होत्या.

“डोकं आहे हो तुम्हाला भावजी,” वहिनी म्हणाल्या. शिवीपेक्षा जास्त लागलं ते.

“वहिनी, मला पहिल्याच दिवशी…”

“माहीत आहे. शीळ ऐकू येत होती. अडलेला माणूस शीळ घालत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, आपणहून लाज वाटेल.”

रोपवाटिकेच्या वाफ्यात शिल्लक असलेल्या रोपांची जुडी त्यांनी माझ्या हातात कोंबली. “वाका आता. याला डोकं लागत नाही, कंबर लागते.”

मी वाकलो. दुसऱ्याच ओळीत मनात आलं, सरी जरा तिरकी धरली तर पाणी किती वाचेल! ओठ आपोआप गोल झाले. वहिनींनी मान वर केली.

मी ओठ मिटले नि पुढचं रोप लावलं.